फाल्गुनातच मे? लवकर येणारं ऊन अन् मधेच येणारी गारपीट: विदर्भातल्या घराची, वावराची, गुराढोरांची तयारी

होळी जळाली, थंडी पळाली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण आता ऊन होळीपर्यंत थांबत नाही. फेब्रुवारी २०२३ चं देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त निघालं, त्याच्या आदल्या वर्षी मार्च २०२२ नं मार्चसाठी तोच विक्रम केला होता. आणि २०२३ ला त्या तापलेल्या फेब्रुवारीच्या मागोमाग मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी अन् गारा पण आल्या. म्हणजे आधी चटका, मग गारा, मग परत चटका.

मे महिन्याचं मला तेवढं टेन्शन नसतं. मेमध्ये विदर्भातला माणूस तयार असतो, कूलर लागलेला असतो, डोक्याला दुपट्टा असतो, वावर बहुतेक रिकामं असतं आणि भर दुपारी बाहेर कोणी नसतं. खरा मार बसतो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, कारण तेव्हा गहू उभा असतो, चना सोंगणीला आलेला असतो, संत्र्यावर आंब्या बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो) वाटाण्याएवढी फळं असतात, मजूर पूर्ण दिवस वावरात असतो आणि सगळ्यांचं अंग अजून थंडीतलंच असतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळं मार्चच्या सुरुवातीचे ३८ अंश जेवढा त्रास देतात तेवढा कधीकधी मेचे ४२ पण देत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, उन्हाळ्याची तयारी अक्षय तृतीयेला नाही, महाशिवरात्रीला पूर्ण झालेली पाहिजे, आणि ती नुसत्या उन्हाची नको, उलटापालटीची पाहिजे. खाली जे क्रमानं लिहितोय ते त्याच हिशोबानं आहे.

पहिलं काम: अंदाज नीट वाचायला शिकणं

बहुतेक लोक फक्त एक आकडा पाहतात, आज किती गेलं. तो आकडा पण व्हॉट्सअपवर आलेला. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी नागपूरला ५६ अंश गेल्याचं सगळीकडे फिरलं होतं, नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. फोनवर दिसतं ते तापमान पण तुमच्या गावचं मोजलेलं नसतं, तो अंदाज असतो. म्हणून एक साधा थर्मामीटर घ्या, पडवीत उत्तरेच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर, जिथं थेट ऊन पडत नाही अन् टिनाची झळ लागत नाही अशा जागी लावा. सकाळी उठल्यावर आणि दुपारी तीनच्या आसपास बघा आणि कॅलेंडरवरच लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला स्वतःच कळायला लागतं की आपल्या गावात खात्याच्या आकड्यापेक्षा किती कमी-जास्त असतं.

आता महत्त्वाची गोष्ट. हवामान खातं उष्णतेची लाट कधी म्हणतं? मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त पाहिजे, त्याच्याही वर गेलं तर तीव्र लाट. किंवा सरळ ४५ गाठलं की लाट, ४७ ला तीव्र. हे मेसाठी ठीक आहे, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात पारा ३९ वर गेला अन् तो सरासरीपेक्षा पाच अंशांनी जास्त असला तरी लाट जाहीर होत नाही, कारण ४० ची अट पुरी होत नाही. अलर्ट आला नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका, या दिवसांत तर अजिबातच नाही. "सरासरीपेक्षा किती जास्त" हा आकडा शोधा, मार्चमध्ये तो चारच्या वर दिसला की खालची सगळी काळजी सुरू करा.

दुसरा बघायचा आकडा रात्रीचा. दिवसा ३८ अन् रात्री १७ असेल तर अंग रात्रीत सावरतं. रात्रीचा पारा २५ च्या खाली उतरत नसेल तर थकवा साचत जातो, म्हातारी माणसं अन् लेकरं त्यातच आजारी पडतात.

तिसरं म्हणजे वारा. वायव्येकडून, राजस्थानकडून कोरडं गरम वारं येत असलं अन् आकाश निरभ्र असलं की नुसतं तापतं. पण बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारं सुरू झालं, त्यात उत्तरेला पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवेची प्रणाली) आला, अन् खाली आपली जमीन तापलेलीच असते, तर दुपारनंतर ढग उभे राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वरची हवा अजून थंड असते, पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात म्हणून गारा पडतात, जूनमध्ये वरची हवा तेवढी थंड नसते, म्हणून तेव्हा सहसा पडत नाहीत. म्हणून घाम चिकटायला लागला, सकाळी उठल्या उठल्या दमट वाटलं आणि दक्षिण-पूर्वेचं वारं लागलं तर नुसतं पाऊस येईल म्हणून खुश होऊ नका, ताडपत्री काढून ठेवा.

ॲप तीनच पुरेत. खात्याचं मौसम, शेतीसाठी मेघदूत (त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा सल्ला येतो, मराठीत असतो), आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा रंगात असतो, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आपल्याकडे लोक पिवळ्याकडे बघतच नाहीत, पण गारपीट पिवळ्यातही येऊन गेलेली आहे.

दुसरं: घर, आणि त्यातल्या त्यात कूलर

घराचं काम फेब्रुवारीतच करा कारण मार्चमध्ये मिस्त्री, इलेक्ट्रिशियन कोणी हाती लागत नाही. टिनाचं छत असेल तर वरून चुन्याचे दोन हात द्या, चुना आधी भिजवून थंड झालेला घ्या, त्यात थोडं फेविकॉल घातलं की अवकाळीत लगेच धुवून जात नाही. डोळे सांभाळा, चुना डोळ्यात गेला तर भारी पडतं. त्याहून चांगलं म्हणजे टिनाच्या वर हातभर अंतर सोडून हिरवी नेट ताणणं, अंतर सोडलं नाही तर उपयोग अर्धा पण होत नाही, कारण वारा मधून फिरला पाहिजे. काही जण टिनावर तुराटी-पऱ्हाटी (तुरीची अन् कपाशीची वाळलेली झाडं) टाकतात, थंडावा मिळतो हे खरं, पण चूल जवळ असेल किंवा वरून विजेची तार जात असेल तर नका टाकू, मार्च-एप्रिलमध्ये एका ठिणगीत सगळं जातं. आणि नेट असो की तुराटी, वादळी वाऱ्यासाठी तारेनं बांधा, सुतळीनं नाही.

कूलरबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, त्यात लहान लेकरं असतात, आणि यातलं जवळजवळ प्रत्येक मरण टाळता येण्यासारखं असतं. लोखंडी बॉडीचा कूलर, टाकीत पाणी, खाली ओली फरशी, अनवाणी पाय, आणि घराला अर्थिंगच नाही. मोटरची किंवा पंपाची वायर कुठं सोललेली असली की सगळी बॉडी करंट मारते. कूलर बाहेर काढायच्या आधी एवढं करा: वायर हातानं पूर्ण चाचपून बघा (प्लग काढून), पंपाची वायर पाण्यात जिथं बुडते तिथं जोड नको, टेप मारलेली तर नकोच नको, अख्खी नवी टाका. तीन पिनची टॉप लावा, आणि तिसरी पिन खरोखर अर्थिंगला जोडलेली आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट करून घ्या, नुसतं भोक असून चालत नाही. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी टाकायचं असतं हे अनेकांना माहीतच नसतं. जमलं तर बोर्डवर ३० मिलीॲम्पियरचं आरसीसीबी बसवा, खर्च होतो पण करंट जमिनीकडे जायला लागला की ते क्षणात लाइन तोडतं. आणि घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंपासून पोरापर्यंत, एकच नियम: पाणी भरायचं तर आधी बटन बंद, मग प्लग बाहेर, मग पाणी. चालू कूलरमध्ये पाईप सोडायचा नाही म्हणजे नाही.

कूलर चालतो कसा हे समजलं की मार्च-एप्रिलमधली एक तक्रार मिटते. कोरडी हवा ओल्या ताटीतून जाते, पाणी उडतं, उष्णता खाऊन जातं. म्हणून कोरड्या दिवसांत मस्त थंडी देतो. अवकाळी पाऊस पडून गेला, हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो, मग लोक ताट्या बदलतात, पंप बदलतात. तेव्हा पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा अन् खिडक्या उघडा. कोरड्या दिवसांतही समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजेच, ओली हवा बाहेर निघाली नाही तर खोलीत उकाडाच होतो. कूलर खिडकीच्या बाहेर असावा म्हणजे ताजी कोरडी हवा ओढतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचा मच्छर त्याच स्वच्छ पाण्यात होतो.

तिसरं: अंग सरावाला आणणं आणि कामाच्या वेळा

मजुरानं असो की मालकानं, पहिल्या गरम आठवड्यात पूर्ण दिवस उन्हात काम करू नये. दोन-तीन तासांपासून सुरू करा, रोज थोडं वाढवा. गुढीपाडव्याच्या आसपास पुण्या-मुंबईहून घरी आलेली पोरं सोंगणीला मदत करायला एकदम दिवसभर उभी राहतात, त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. काम सकाळी सहा ते साडेदहा-अकरा आणि संध्याकाळी चारनंतर. मजूर बायांचा हजेरीचा वेळ बदलला म्हणून मजुरी कापू नका, हे मी सरळ सांगतो, वेळ बदलायला त्या तयार नसतात याचं मुख्य कारण तेच असतं.

इथं एक गोष्ट. "पहाटे लवकर निघा" हा सल्ला सगळीकडे चालत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलाकाठच्या गावांत मोहफुलं वेचायला मार्च-एप्रिलमध्ये बाया अंधारातच निघतात आणि वाघाचे हल्ले याच वेळेला, वाकून वेचत असताना होतात. तिथं चांगलं उजाडल्यावर, घोळक्यानं, बोलत-आवाज करत जायचं आणि दहापर्यंत परत यायचं, मधली उन्हाची वेळ सोडायची पण अंधाराची पण सोडायची. मोहाखालचा पालापाचोळा जाळायचा नाही, झाडून काढायचा, त्या कोरड्या वाऱ्यात आग जंगलात कधी गेली ते कळत पण नाही.

पाणी तहान लागायच्या आधी प्या, कामावर असाल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक पेला. नुसतं पाणी ढोसून भागत नाही कारण घामातून मीठ जातं, म्हणून ताकात मीठ, कैरीचं पन्हं, किंवा ओआरएस. ओआरएसचं पाकीट आशाताईकडे, अंगणवाडीत मिळतं, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चहा दिवसभर ढकलत राहणं बरं नाही, आणि उन्हातून येऊन दारू पिणं तर फारच वाईट. बीपीची गोळी, खास करून लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाणी किती हे डॉक्टरला फेब्रुवारीतच विचारून घ्या. लघवीचा रंग बघत राहा, गडद पिवळी झाली की तुम्ही मागे पडलात.

कपडा सुती, सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा, कान अन् मानेची मागची बाजू झाकली पाहिजे. खिशात कांदा ठेवला तर माझा काही विरोध नाही, आजी ठेवायला सांगते तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर दुपारी एकला बाईकवर तालुक्याला निघू नका.

फवारणी दुपारी कधीच नको. उन्हात घामेजलेल्या, उघड्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं, मास्क अन् हातमोजे गरम होतात म्हणून लोक काढून टाकतात. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते खरिपात झालं होतं, पण कारणं तीच असतात. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

चौथं: कोणाला ऊन लागलं तर

सोंगणीच्या वावरात हे जवळून पाहिलं आहे म्हणून बारीकसारीक लिहितो. सुरुवात अशी होते: माणूस गप्प होतो, विळा चालतो पण ओळ सुटते, पायात-पोटात गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं, अंग घामानं थंड-चिकट असतं. इथंच थांबवा. सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओआरएस घोटघोट द्या, ओल्या कापडानं पुसा अन् वारा घाला. अर्ध्या-एक तासात बरं वाटायला पाहिजे, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी परत कामाला नाही.

पण तो असंबद्ध बोलायला लागला, पत्ता विचारला तर सांगता येईना, झोकांड्या जातात, झटका आला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात आहे, अंगातलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. अंग कोरडं पडलेलं असेलच असं नाही, काम करता करता झालेल्या उष्माघातात घाम असू पण शकतो, त्यामुळं घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजून बसू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी यायची वाट बघत हात बांधून उभे राहू नका, आधी थंड करायला लागा. विहिरीजवळ, मोटारपंपाच्या पाईपाखाली न्या, अंगावर पाणी ओतत राहा अन् दोघांनी दुपट्ट्यानं जोरात वारा घाला, बर्फ किंवा थंड पाण्याची बाटली असेल तर मान, काखा, जांघा इथं कापडात गुंडाळून ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. तापाची गोळी द्यायची नाही, हा ताप वेगळा, त्या गोळीनं उतरत नाही. गाडीत पण पाणी मारत, काच उघडी ठेवून न्यायचं. जीव वाचतो तो पहिल्या अर्ध्या तासात.

पाचवं: वावर

चना बहुतेकांचा फेब्रुवारीतच पिकतो आणि लवकर ऊन आलं की एकदम वाळतो, मग घाटे फुटून दाणे गळतात. सोंगणी सकाळी, दव असताना करा, दहानंतर हात लावला तर नुकसानच. सोंगलेला चना पसरून चार दिवस ठेवायची सवय सोडा, अंदाजात ढग दिसत असतील तर वाळल्याबरोबर गोळा करून उंच जागी गंजी लावा, खाली तुराट्या, वर ताडपत्री, कडांवर दगड. थ्रेशरवाल्याचा नंबर आधी लावून ठेवा, ढग आले की सगळ्या गावाला तो एकदमच आठवतो.

गव्हाचं दुखणं वेगळं. दाणे भरताना, चिकात (दाण्यात दूध असताना) दिवसाचा पारा ३० च्या वर चढत गेला की पीक लवकर पिकतं अन् दाणा बारीक राहतो. डिसेंबरच्या मध्यानंतर पेरलेल्या गव्हाला हे हमखास होतं. उपाय दोन. ओलित हलकं पण वेळेवर द्या, चिकाच्या आणि दाणे भरायच्या अवस्थेत ताण पडू देऊ नका, आणि पाणी संध्याकाळी किंवा रात्री, वारं पडलेलं असताना द्या, कारण ओल्या जमिनीत वारं सुटलं की गहू लोळतो, अन् लोळलेल्या गव्हाला हार्वेस्टरवाला पण नाक मुरडतो. दुसरं, दाणे भरताना पोटॅशियम नायट्रेटची (१३:००:४५) एक टक्क्याची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम. पुढच्या वर्षीसाठी नोंद करून ठेवा, लवकर येणाऱ्या उन्हावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वेळेवर पेरणी.

संत्र्यावर जरा थांबतो, कारण वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या माणसाचा वर्षाचा हिशोब मार्चमध्येच ठरतो. आंब्या बहाराची फळं वाटाण्याएवढी असताना पारा एकदम चढला की झाड फळं टाकून स्वतःला वाचवतं. सकाळी झाडाखाली बसून बघा. देठासकट पडलेली हिरवी बारकी फळं थोडी तर दरवर्षीच पडतात, झाड आपलं ओझं कमी करतं, त्याला घाबरायचं नाही. पण सलग तीन-चार दिवस खाली हिरवा सडा दिसत असेल, आणि दुपारी पानं वळून बोटीसारखी होत असतील तर पाण्याचा ताण आहे. तेव्हा एकदम पाट सोडून डुबवू नका, ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिलं तर गळ अजून वाढते. ठिबक असेल तर रोज, संध्याकाळी किंवा पहाटे, थोडं थोडं. दुपारी नळ्यांमधलं पाणी तापलेलं असतं, तेव्हा सुरू करायचं झालं तर आधी शेवटचं टोक उघडून गरम पाणी काढून टाका. आळं असेल तर दुहेरी आळं करा म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही अन् डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) होणार नाही. बुंध्याभोवती चार बोटं जाड गवताचं किंवा सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन घाला, खोडापासून वीतभर लांब. माझ्या मते या सगळ्यात आच्छादनाला तोड नाही, अन् लोक नेमकं तेच टाळतात, उधईच्या (वाळवीच्या) भीतीनं.

फळगळीसाठी जीए-३ (जिबरेलिक ॲसिड, झाडाचं संजीवक) १.५ ग्रॅम अधिक युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यात. जीए-३ पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. पण बाग बघितल्याशिवाय दुकानदाराच्या सांगण्यावरून चार-चार औषधं एकत्र मारू नका. नागपूरच्या अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) आहे, फांदी अन् पडलेली फळं पिशवीत घेऊन जा अन् विचारा. नवतीवर (नव्या पालवीवर) सिट्रस सायला ही रस शोषणारी कीड याच दिवसांत येते, कोवळ्या शेंड्याच्या टोकाला पांढरी लांब विष्ठा लोंबताना दिसली तर तीच.

भिवापूर, कुही, मौद्याकडे मिरची वाळत घातलेली असते. ताडपत्रीवर वाळवा, मातीवर नाही, आणि ढगाळ दिवशी दुपारी दोनलाच गोळा करा, एकदा भिजलेली मिरची पांढरी पडली की भाव अर्ध्यावर येतो. ढगाळ दिवस लागोपाठ आले तर मिरचीवर अन् कांद्यावर फुलकिडे, उशिराच्या चन्यावर घाटेअळी, गव्हावर तांबेरा बघत राहा.

सहावं: जनावरं

म्हैस सगळ्यात आधी थकते, काळं कातडं अन् घामाच्या ग्रंथी कमी. कोठ्याच्या टिनाला वर सांगितलं तसंच करा, चारही बाजूंनी पोतं बांधून बंदिस्त करू नका, वाऱ्याची एक बाजू मोकळी पाहिजे. पाणी दिवसातून तीन-चार वेळा, सावलीतलं, उन्हात तापलेल्या हौदातलं जनावर पीत नाही. कुटार-कडबा सकाळी लवकर अन् रात्री द्या, दुपारी खाल्लेला चारा पचवताना अंगात अजून गर्मी होते. रोज थोडं मीठ अन् मिनरल मिक्स्चर. बैल दहानंतर जुंपू नका, बंडीला पण नाही.

जीभ बाहेर, तोंडातून लाळ, धापा, रवंथ बंद, हे दिसलं की सावलीत घेऊन डोक्यापासून पाठीवर पाणी सोडत राहा अन् १९६२ ला फोन करा, ती जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची लाइन आहे. आणि उन्हाळी ज्वारी पाण्याविना सुकलेली असेल, गुडघ्याएवढीच असेल तर तिच्यात ढोरं सोडू नका, तसल्या कोवळ्या धांड्यात विष तयार होतं, जनावर तासाभरात जातं. अंगणात चिमण्यांसाठी मातीचं भांडं भरून ठेवा, सावलीत.

सातवं: ढग उभे राहिले की

ज्या दिवशी सकाळी दमट, दुपारी कडक ऊन अन् तीन वाजता पश्चिमेला फुलकोबीसारखे पांढरे ढग उंच चढताना दिसतात, त्या दिवशी काम तिथंच सोडायचं. आधी माणसं, मग जनावरं, मग माल, हा क्रम चुकवू नका. अर्धी गंजी झाकायची राहिली म्हणून गडी वावरात थांबतो अन् वीज त्याच वेळेला पडते.

चमक दिसली की मोजायला लागा, गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज जवळ आहे, पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. वावरातलं एकटं झाड, मग ते निंबाचं असो की मोहाचं, सगळ्यात वाईट जागा. तारेचं कुंपण, विहिरीवरचं लोखंड, मोटारपंपाची पेटी, उघडा ट्रॅक्टर यांच्यापासून लांब. कुठंच आसरा नसेल तर सखल जागी, पाणी साचलेलं नसलेल्या ठिकाणी, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, डोकं गुडघ्यात, कान झाका, आडवं झोपू नका. घोळका असेल तर एकमेकांपासून लांब लांब बसा. जनावरं झाडाखाली बांधलेली असतील तर ढग लांब असतानाच सोडून कोठ्यात आणा. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात करंट उरत नाही, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा अन् १०८ ला बोलवा.

आठवं: गारा पडून गेल्यावर

पहिल्याच दिवशी फोटो काढा, ज्यात तारीख, वेळ अन् लोकेशन येतं अशा कॅमेऱ्यानं. गारा वितळायच्या आधी एक, पिकाचा जवळून एक, अन् गट नंबर ओळखू येईल असा बांधावरून एक. तलाठ्याला अन् कृषी सहायकाला लेखी कळवा, नुसता फोन नको, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त लागतं, पंचनाम्यात आपला टक्का काय लिहिला जातोय ते तिथंच उभं राहून बघा. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही अन् मग भांडण्यात महिने जातात, म्हणून ती पेरणीनंतर वेळेत करा. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीला या हंगामात कव्हर आहे की नाही ते विमा भरतानाच १४४४७ या पीक विम्याच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. कव्हर असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, तेव्हा पंचनाम्याची वाट बघत बसू नका.

संत्र्याच्या मोडलेल्या फांद्या आरीनं स्वच्छ कापा, ओढून तोडू नका, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, मोरचूद अन् चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र, लोखंडी भांडं वापरायचं नाही. पूर्ण झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम. पडलेली फळं बागेबाहेर काढून पुरा. लोळलेल्या गव्हाला लगेच पाणी देऊ नका, ओंबीत दाणा भरला असेल तर दोन-तीन उन्हं खाऊ द्या अन् हातानं सोंगा.

आणि गारांनंतरच्या त्या दोन-तीन गार दिवसांत कूलरची टाकी रिकामी करून ठेवा, माठ भरून ठेवा, ओआरएसची पाकिटं मोजून घ्या, कारण ढग हटले की पारा बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत होता तिथं परत येतो, आणि मधे जमिनीत ओल असल्यानं पहिला दिवस जास्त उकाड्याचा जातो. त्या दिवशी मजुराला पूर्ण वेळ लावायचं नाही, परत दोन-तीन तासांपासून सुरू करायचं.